तव्याएवढा मासा

मालवणी माणूस गोड्या पाण्यातल्या माशाला मासा म्हणत नाही. 'असतो, तोही एक प्रकार असतो,' एवढंच म्हणतो, आणि तेही आपण घाटावरच्या माणसाच्या घरी जेवायला बसलो असू तर. माझे आजोबा रोहूचं नाव निघालं की 'कापूस' असा एकच शब्द उच्चारून विषय संपवायचे. अशा घराण्यातला मी गेल्या वर्षी जून महिन्यात अमेरिकेतल्या एका तळ्याकाठी, हातात काठी धरून, तळहाताएवढ्या माशाची वाट बघत तीन तास उभा होतो. आजोबा वरून बघत असतील तर त्यांनी मान फिरवली असेल.

मुळात मासे धरणं हा आमच्या घरचा विषयच नव्हे. मासे घेणं हा विषय. लहानपणी मालवणला पोरांबरोबर खाडीवर गरवायला जायचो, पण त्यातून घरी कालवणापुरतंही कधी काही आलं नाही. नंतर ठाण्याला नोकरी लागली आणि पुढची चाळीस वर्षं दर रविवारी सकाळी मी मासळी बाजारात हजेरी लावली. कल्ले उचलून लाली बघायची, पोटावर अंगठा दाबायचा, तोंड वाकडं करायचं, दोन पावलं पुढे जायचं, मागून हाक आली की परत यायचं आणि पाटीतला सगळ्यात मोठा नग उचलायचा. या शेवटच्या पायरीला मी कधी चुकलो नाही. सगळ्यात मोठा तो आपला. माझं सगळं मत्स्यशास्त्र या एका वाक्यात मावत होतं.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी मुलीकडे मिनियापोलिसला गेलो. पहिल्या आठवड्यात मी सगळे गळके नळ दुरुस्त केले. दुसऱ्या आठवड्यात न गळणारे केले. तिसऱ्या आठवड्यात डिशवॉशरमधली भांडी मी माझ्या पद्धतीने लावायला घेतली, तेव्हा मुलीने जावयांकडे बघितलं आणि जावयांनी त्याच रात्री माझ्या नावाने मासेमारीचा परवाना काढला. बाहेरून आलेल्यांसाठी तिथे २४ तासांचा, ७२ तासांचा, ७ दिवसांचा आणि हंगामभराचा असे वेगवेगळे परवाने मिळतात. जावयांनी मला न विचारता हंगामभराचा काढला. इशारा मला कळला.

मिनेसोटात तळ्यांना तोटा नाही. गाड्यांच्या नंबर प्लेटवर '१०,००० तळी' असं छापलेलं असतं. खरी मोजदाद केली तर दहा एकर किंवा त्याहून मोठी तळी ११,८४२ भरतात. म्हणजे हे सरकार जाहिरातीत आकडा कमी करून सांगतं! आमच्या ठाण्यालाही तलावांचं शहर म्हणतात, पण तिथे आकडा वाढवायचा असेल तर पावसाळ्यातले रस्ते धरावे लागतात. मिनियापोलिसमध्ये शहराच्या ऐन वस्तीत हॅरिएट, नोकोमिस, ब्दे माका स्का अशी ऐसपैस तळी आहेत, आणि काठावर खास मासे धरणाऱ्यांसाठी बांधलेले लाकडी धक्के. कोणीही यावं, उभं राहावं. कोणी 'कोण पाहिजे?' विचारत नाही.

आता ज्याची मी वाट बघत उभा होतो त्या माशाबद्दल, म्हणजे पॅनफिशबद्दल. पॅनफिश हा एक मासा नव्हे, ती माशांची जमात आहे. आणि ही जमात शास्त्रज्ञांनी नव्हे, स्वयंपाकघराने पाडलेली आहे. पॅन म्हणजे तवा. तव्यात अख्खा मावतो तो पॅनफिश. पाण्यात सुखाने पोहत असलेल्या जिवाच्या नावातच त्याचा शेवटचा पत्ता लिहून ठेवायचा, हा रोखठोकपणा मला आवडला. यात ब्लूगिल येतो: चपटा, वाटोळा, कल्ल्यापाशी काळा ठिपका, पापलेटचा गावी राहिलेला चुलतभाऊ. त्याच्याच भावकीतला पम्पकिनसीड, पोटाला नारिंगी आणि कानापाशी लाल टिकली, लग्नघरातून थेट पाण्यात पडल्यासारखा. मग अंगावर काळपट पट्टे ओढलेला पिवळा पर्च. आणि क्रॉपी, ज्याच्या नावाचं स्पेलिंग भल्या माणसाने मोठ्याने वाचू नये असं आहे, म्हणून तिथले लोक उच्चार बदलून वेळ मारून नेतात.

ब्लूगिल आणि त्याच्या भावकीला मिनेसोटात लाडाने 'सनी' म्हणतात. धक्क्यावरच्या एका टोपीवाल्या म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "आज सनी मस्त खेळतोय." मी मनात म्हटलं, आमच्या पिढीला सनी एकच ठाऊक. १९७५च्या विश्वचषकात लॉर्ड्‌सवर साठ षटकं खेळून काढून नाबाद ३६ करणारा. तेव्हा या माशासाठी चिकाटी लागणार, अशी मी मनाची तयारी केली. पण हा सनी अगदी उलट निघाला. ऑफ स्टंपबाहेरचा एकही चेंडू तो सोडत नाही. गांडूळ दिसलं की गिळ, मक्याचा दाणा दिसला की गिळ, काहीच नसलं तर नुसता गळ गिळून बघ. ब्लूगिलच्या भुकेपुढे आमच्या आळीतले चतुर्थीचे जेवणावळीकरही लाजतील.

या मासेमारीचं पहिलं सुख तेच. ती कोणालाही जमते. काठी, रीळ, बारीक तंगूस, शिशाचा कण, बोटाच्या पेरात लपेल एवढा गळ, त्यावर अर्धं गांडूळ आणि वर लाल-पांढरा बॉबर. पूर्ण गांडूळ लावायचं नाही, कारण सनीचं तोंड शर्टाच्या काजाएवढं. तो लोंबणारा भाग तोडून नेतो आणि गळ तुम्हाला परत करतो.

मग त्या बॉबरकडे बघत बसायचं. तो आधी पाण्यावर स्वस्थ असतो, पेन्शनर बाकावर बसावा तसा. मग नुसता शहारतो आणि त्याच्याभोवती एक बारीक वर्तुळ उमटतं. थांबतो. आपणही श्वास थांबवतो. मग दोनदा टकटक, शेजारणीने साखर मागायला दार वाजवावं तशी. मग तो तिरका होतो, हळूच बाजूला सरकायला लागतो आणि एकदम दिसेनासा होतो. पाण्यावर तो होता त्या जागी काहीच नसतं, आणि आपल्या पोटातही तेवढ्याच आकाराची एक पोकळी पडते. त्या क्षणी रक्तदाब, गुडघे, सोसायटीच्या पार्किंगचा वाद, काही म्हणजे काही आठवत नाही. मनगटाला झटका द्यायचा. पाव किलोचा जीव असतो, पण पाण्यात चपटं अंग आडवं धरून असा गोल गोल फिरतो की वाद दोन किलोचा घालतो. पहिला सनी वर आला तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या माझ्या सात वर्षांच्या नातीने टाळ्या वाजवल्या. सोळा वर्षांखालच्या तिथल्या मुलांना परवाना लागत नाही. म्हणजे त्या धक्क्यावर ती माझ्यापेक्षा जास्त अधिकृत होती. मासा बघून तिने निकाल दिला, "आजोबा, हा बेबी आहे. त्याला घरी सोड."

इथून तोटे सुरू होतात.

पहिला तोटा, दर दहा सनींतले सात बेबी असतात. ते सोडताना पाठीवरच्या परातले दहाएक काटे आपल्याला आठवण म्हणून टोचून जातात. काटे डोक्याकडून शेपटीकडे चेपत मासा धरायचा असतो, हे मला चौथ्या रक्तबंबाळ बोटानंतर टोपीवाल्याने सांगितलं. आधी का नाही सांगितलं, असं विचारल्यावर म्हणाला, "तुम्ही विचारलं नाहीत." मिनेसोटाचा माणूस अबोल. मासे मिळतायत का विचारलं तर उत्तर एकच, "नॉट टू बॅड." टोपलीत एकही मासा नसला तरी नॉट टू बॅड, टोपली भरून वाहत असली तरी नॉट टू बॅड. तिला हात लावून उचलून बघितल्याशिवाय खरं कळत नाही.

दुसरा तोटा गांडुळांचा. ती तिथे पेट्रोल पंपावरच्या दुकानात, फ्रिजमध्ये, दुधाच्या कॅनच्या शेजारच्या कप्प्यात मिळतात. पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, झाकणाला भोकं पाडून. डबा घरी आणला की थंडच ठेवावा लागतो. मी तो मुलीच्या फ्रिजमध्ये खालच्या फळीवर, मागे, कोणाला दिसणार नाही असा ठेवला. जावई पुण्याचे आणि शाकाहारी. रात्री अकराला त्यांना गोड खावंसं वाटलं आणि डब्याचा आकार बघून त्यांचा गैरसमज झाला. ते पुण्याचे असल्यामुळे आरडाओरडा झाला नाही. सकाळी डब्यावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी होती: 'हे श्रीखंड नाही. झाकण उघडल्यास जबाबदारी उघडणाऱ्याची.'

उरलेली गांडुळं मी बागेत सोडायला निघालो तेव्हा टोपीवाल्याने पहिल्यांदाच आवाज चढवला. गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र, असं आम्ही चौथीत पाठ केलेलं. मिनेसोटात तो घुसखोर आहे. हिमयुगात बर्फाच्या थराखाली गेलेल्या त्या प्रदेशात मूळची गांडुळं नाहीतच. आज आहेत ती सगळी माणसांबरोबर बाहेरून आलेली. ती जंगलातला पालापाचोळा भराभर खाऊन टाकतात आणि त्या पाचोळ्यावर वाढणारी झाडंझुडपं उघडी पडतात. म्हणून उरलेली गांडुळं कचऱ्याच्या डब्यात. चौथीच्या बाईंना हे कोणत्या तोंडाने सांगायचं, हा प्रश्न मला काही दिवस पडला होता.

तिसरा तोटा स्वयंपाकघरातला. नियमाने दिवसाला २० सनी आणि १० क्रॉपी नेता येतात. ऐकायला हा आकडा लग्नाच्या पंगतीचा वाटतो. पण एका सनीचे दोन्ही बाजूंचे तुकडे मिळून ग्लुकोज बिस्किटाच्या दोन नगांएवढे भरतात. ठाण्याला मासा कापून, साफ करून, पिशवीत पडतो. वर कोळीण डोकं वेगळं बांधून देते. इथे कोळीण मीच. खवले उडून सिंकच्या मागे, खिडकीच्या काचेवर, मुलीच्या लॅपटॉपवर. कचऱ्याची गाडी मंगळवारी यायची आणि मासे शनिवारचे, त्यामुळे मधले तीन दिवस डोकी फ्रीजरमध्ये श्रीखंड नसलेल्या दुसऱ्या एका डब्यात मुक्कामाला असत.

आमच्या हिने येताना कोकमं आणि तिरफळं बॅगेतून आणली होती. तिने त्या बिस्किटांना हळद-तिखट-मीठ लावलं, आगळ चोळलं, तांदळाच्या पिठात रवा मिसळून घोळवलं आणि तव्यावर सोडलं. पहिली बाजू परतेपर्यंत छतावरचं धुराचं यंत्र बोंबलायला लागलं. जावई स्टुलावर चढून त्याला वर्तमानपत्राने वारा घालत होते, मुलगी खिडक्या उघडत होती, नात कानांवर हात ठेवून नाचत होती आणि ही शांतपणे दुसरी बाजू भाजत होती. "असले मासे आमच्या मांजरानसुद्धा हुंगले नसते," असं म्हणतच तिने पहिला तुकडा तोंडात टाकला. मग दुसरा. मग सहावा. शेवटी म्हणाली, "तसो वाईट नाय."

मला टोपीवाल्याची आठवण झाली. मिनेसोटाची आणि मालवणची ही सोयरीक कोणाच्या लक्षात कशी आली नाही, कोण जाणे.

हिला त्या माशाचं मोठेपण पटावं म्हणून मी एक किस्सा सांगितला. १९६० साली जपानचे युवराज अकिहितो शिकागोला गेले होते. ते स्वतः माशांचे अभ्यासक. शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. खायला चांगला मासा म्हणून युवराजांनी ते जपानला नेऊन संशोधन केंद्राला दिले. तिथून त्यांची पिलावळ बाहेर पडली ती थेट बिवा या जपानच्या सगळ्यात मोठ्या सरोवरात, आणि तिथल्या मूळच्या माशांवर ताव मारत बसली. अखेर २००७ साली, तोवर सम्राट झालेल्या अकिहितोंनी या प्रकाराबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. "तळहाताएवढ्या माशाने सम्राटाची मान खाली घालायला लावली!" मी म्हणालो. ही म्हणाली, "उजनीतली चिलापी काय वेगळी आहे?" बरोबर होतं. चिलापीही आफ्रिकेची, आपल्या देशात १९५२ साली आणली गेली, आणि आज भिगवणच्या ढाब्यावर तिला कोणी व्हिसा विचारत नाही. बाहेरून आलेला जो सगळं खातो तोच टिकतो. हे बोलताना हिने माझ्या ताटाकडे का बघितलं, ते मी विचारलं नाही.

जूनच्या मध्याला टोपीवाल्याने मला खरी गंमत दाखवली. पाणी कोमट झालं की उथळ भागात ब्लूगिलचे नर शेपटीने वाळू झटकून ताटाएवढे गोल खड्डे करतात, एकाला एक लागून, पन्नास-पन्नास. वरून बघितलं तर थेट गिरगावातली चाळ. प्रत्येक खोलीत एक नर. मादी येते, अंडी घालते आणि निघून जाते. मग नर अंड्यांना परांनी वारा घालत, शेजाऱ्यांना हाकलत, धड न खातापिता दिवसरात्र पहारा करतो. काही लबाड नर मात्र खोली बांधायच्या भानगडीत पडतच नाहीत. गवतात लपून बसतात, ऐन वेळी आत मुसंडी मारतात आणि पोरं दुसऱ्याच्या पदरात टाकून पळतात. काही तर मादीचं सोंग घेऊन शिरतात. अशा भाडेकरूंवरचे खटले आपल्याकडे तीन पिढ्या चालले असते.

"मोठा सापडला तर सोडायचा," टोपीवाला म्हणाला. मी कानावर हात ठेवला. सोडायचा तो छोटा, ठेवायचा तो मोठा, हे तर जगाचं रीतिशास्त्र. पण त्याने कारण सांगितलं. खोलीचा धनी असलेला नर मोठा असतो, कारण मोठा झाल्याशिवाय चांगली खोली मिळत नाही. जोवर असे दांडगे नर तळ्यात आहेत तोवर लहान नर लग्नाच्या फंदात न पडता आधी नुसते वाढत राहतात. मोठ्यांना काढून नेलं की लहानांना लगेच संधी मिळते. ते कोवळ्या वयातच संसाराला लागतात, आणि संसाराला लागले की वाढ खुंटते. काही वर्षांत सगळं तळं बेबींनी भरतं. म्हणून तिथल्या सरकारने काही तळ्यांवर वीसाची मर्यादा दहावर, काही ठिकाणी पाचावर आणली आहे.

हे मला पटायला एक क्षणही लागला नाही. मी पस्तीस वर्षं एका कचेरीत काढली आहेत. जुने साहेब एकदम निवृत्त झाले आणि चार वर्षांच्या नोकरीवाल्या पोरांना बढती मिळाली, त्यानंतर त्या खात्यात कोणाची वाढ झालेली मी पाहिली नाही.

श्रावण लागला तेव्हा एक पेच पडला. घरात मासा बंद. पण परवाना हंगामभराचा, आणि फी भरलेली. मग धरायचे आणि सोडायचे. खाणार नाही म्हटल्यावर माझ्या हातात वेगळीच सफाई आली. क्रॉपी हा मासा मला श्रावणातच कळला. तो संध्याकाळी खोल पाण्यात मधल्या थरात तरंगत असतो आणि त्याचं तोंड पापडासारखं. झटका जोरात दिला तर ओठ फाटून सुटतो, हलका दिला तर लागतच नाही. तो खेचायचा नाही, मनवायचा.

आणि अशाच एका संध्याकाळी, उशिरा अंडी घालणाऱ्या एका घोळक्यावर, बॉबर टकटक न करता सरळ नाहीसा झाला. काठी वाकली. तंगूस पाण्यात शिवणयंत्रासारखा आवाज करत गोल फिरली. वर आला तो सनी माझ्या पंज्याबाहेर जात होता. कपाळावर उंचवटा, छाती तांब्यासारखी, डोळ्यात खोलीच्या धन्याचा राग. धक्क्याच्या फळीवर खुणा केलेल्या होत्या; दहा इंच आणि वर थोडं. माझ्या हातात चाळीस वर्षांचे रविवार जागे झाले. सगळ्यात मोठा तो आपला. नात म्हणाली, "आजोबा, हा बाबा आहे. याची बाळं असतील."

मी तिला फोन दिला, "फोटो काढ," म्हणालो, आणि वाकून त्याला पाण्यात धरलं. क्षणभर तो तळव्यात तसाच राहिला, मग शेपटीचा एक फटका माझ्या चष्म्यावर देऊन आपल्या खोलीकडे गेला.

फोटो नंतर बघितला. त्यात माझा डावा बूट, गांडुळांचा डबा आणि नातीचं अर्धं बोट आहे.

घरी कोणाचा विश्वास बसला नाही. जगातल्या प्रत्येक मासेमाराचा मोठा मासा सुटलेला असतो; माझा मी सोडला होता, हे सांगताना मलाच माझा आवाज खोटा वाटत होता. हिने फक्त विचारलं, "एवढो मोठो सोडून इलात?" आणि दोन हातांत अंतर धरून दाखवलं. मी ते अंतर थोडं वाढवून दिलं.

मुलगी म्हणते, पुढच्या वेळी हिवाळ्यात या. बर्फ चार इंच झाला की लोक तळ्यावर चालत जातात, भोक पाडतात आणि त्यातून सनी काढतात. मी म्हटलं, माझा फ्रिजशी संबंध श्रीखंडापुरता.

ऑक्टोबरात ठाण्याला परत आलो. पहिल्याच रविवारी बाजारात गेलो. कोळणीने मला बघून ठेवणीतलं पापलेट वर काढलं, ताटाएवढं, चांदीसारखं. मी कल्ले उचलले, लाली बघितली, अंगठा दाबला. मग हात आपोआप बाजूला गेला.

"मधलं द्या," मी म्हणालो.

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काय काका, लोकं अमेरिकेला जाऊन पैसेवाले होऊन येतात, तुम्ही गरीब होऊन आले काय?"